संमतीचा प्रश्न : १८९८ नंतरची अमेरिका

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, अमेरिका स्वतःच एकेकाळी वसाहत होती. बंड करून स्वतंत्र झाली. मग तिनं दुसऱ्यांचे देश कसे घेतले? लाज नाही वाटली?" वेळ नव्हता, म्हणून तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर असं आहे की लाज वाटली, बऱ्याच लोकांना वाटली, आणि त्यावरून तिथे कडाक्याचं भांडण झालं. आज त्या भांडणाबद्दलच बोलू या.

आधी घटना भराभर सांगतो. फेब्रुवारी १८९८ मध्ये क्यूबातल्या हवाना बंदरात 'मेन' नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली. अडीचशेच्या वर माणसं गेली. स्फोट कशानं झाला यावर वाद आहेत, पण वर्तमानपत्रांनी दोष स्पेनवर टाकला आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. क्यूबा आम्ही गिळणार नाही, असा ठराव अमेरिकेच्या संसदेनं आधीच करून ठेवला होता. फिलिपिन्सबद्दल मात्र असा ठराव कुणी केला नव्हता. कारण तो देश नकाशावर कुठे आहे हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. १ मे रोजी अ‍ॅडमिरल ड्यूईनं मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार काही तासांत संपवलं. (हा ड्यूई वेगळा बरं का! बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई ते हे नव्हेत.)

आता गंमत बघा. गंमत म्हणतो, पण ती फार कडू आहे. फिलिपिनो लोक स्पेनविरुद्ध आधीपासून लढतच होते. त्यांचा नेता एमिलिओ आगिनाल्दो हाँगकाँगमध्ये परागंदा होता, त्याला अमेरिकन जहाजातूनच परत आणलं गेलं. १२ जून १८९८ ला त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं. मनिलाला वेढा घालून बसले होते ते मुख्यतः फिलिपिनो सैनिक. पण १३ ऑगस्टला शहर पडलं ते आधी ठरवून केलेल्या लुटुपुटीच्या लढाईत. स्पॅनिशांनी शरणागती अमेरिकनांपुढे पत्करली आणि फिलिपिनो सैन्याला शहराबाहेरच रोखण्यात आलं. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. स्पेननं फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं आणि बदल्यात २ कोटी डॉलर घेतले. पोर्टो रिको आणि ग्वामही गेले. त्या टेबलावर फिलिपिनो एकही नव्हता. आगिनाल्दोचा दूत पॅरिसपर्यंत गेला होता, त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही.

इथे माझा विषय सुरू होतो. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात म्हटलंय की सरकारचा न्याय्य अधिकार शासितांच्या संमतीतून येतो. 'काही शासितांच्या' असं तिथे लिहिलेलं नाही. मग ७०-८० लाख माणसांवर त्यांना न विचारता राज्य कसं करायचं?

साम्राज्यवाद्यांचं उत्तर तयार होतं. जानेवारी १९०० मध्ये सिनेटर बेव्हरिज भर सभागृहात म्हणाले, त्याचा आशय असा : संमतीचं तत्त्व लागू होतं ते स्वतःचं राज्य चालवायला लायक असलेल्यांना, हे लोक लायक नाहीत. किपलिंगनं गोऱ्या माणसाच्या ओझ्यावरची ती प्रसिद्ध कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये छापली, तीही फिलिपिन्सच्या निमित्तानं आणि अमेरिकेला उद्देशून. हा किपलिंग आपल्या मुंबईत, जे. जे. च्या आवारात जन्मलेला. म्हणजे ओझं कुणाच्या पाठीवर असतं हे त्याला जवळून बघायला मिळालं होतं.

पण बेव्हरिजवर हसण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. हे 'लायकी'चं कलम त्यानं काढलेलं नाही. ते जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी'त, १८५९ मध्ये, सुरुवातीलाच आहे. स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, त्यांच्यासाठी सुधारणेच्या हेतूनं केलेली हुकूमशाही योग्य, असं मिल म्हणतो. आणि हा मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता! ते 'मागासलेले' म्हणजे आपणच. मी वर्षानुवर्षं मिल शिकवला आणि तो परिच्छेद "हे त्या काळाचं" म्हणून ओलांडून पुढे जात राहिलो. विद्यार्थ्यांनीही कधी अडवलं नाही. त्या परिच्छेदाचं पुढे काय होतं, हे मला फिलिपिन्सचा इतिहास वाचताना कळलं.

विरोधकही होते. अँटी-इम्पीरियलिस्ट लीगमध्ये मार्क ट्वेन होता, पोलादवाला कार्नेगी होता, आणि आमच्या क्षेत्रातला विल्यम जेम्स होता. जेम्सचा मुद्दा मला सगळ्यांत खोल वाटतो. हे लोक लायक आहेत की नाहीत या वादात तो फारसा शिरतच नाही. त्याचं म्हणणं, त्यांच्या जगण्याला आतून काही अर्थ आहे हे तुम्हाला दिसतच नाही, तेव्हा लायकी मोजणारे तुम्ही कोण? माणसाच्या आंधळेपणावर त्याचा एक निबंध आहे. तो ज्या पुस्तकात आला, त्याच्या प्रस्तावनेतच शस्त्रांच्या जोरावर पौर्वात्यांवर आपले आदर्श लादण्याचा उल्लेख आहे.

तरी विरोधकांना सरसकट संत समजू नका. त्यांच्यातल्या अनेकांची भीती वेगळीच होती : ही सावळी माणसं उद्या आपली नागरिक झाली तर? म्हणजे एकजण म्हणतो ते हीन आहेत म्हणून राज्य करू, दुसरा म्हणतो हीन आहेत म्हणून नको. दोघांत तिसरा माणूस, स्वतः फिलिपिनो, त्याला कुणी विचारत नाही.

४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी सिनेटनं तह मंजूर केला, ५७ विरुद्ध २७. दोन-तृतीयांशाला लागत होती त्यापेक्षा फक्त एक मत जास्त. पुढे तीन वर्षं युद्ध चाललं. सुमारे ४,२०० अमेरिकन आणि २०,००० फिलिपिनो सैनिक मेले. हिंसा, उपासमार आणि पटकी यांत सामान्य माणसं दोन लाखांच्या आसपास. कैद्यांच्या पोटात पाणी भरून माहिती काढली जाई, आणि याची साक्ष १९०२ मध्ये सिनेटच्या समितीपुढेच झाली. समार बेटावर दहा वर्षांवरच्या साऱ्यांना मारा, असा हुकूम देणाऱ्या जनरल स्मिथला शिक्षा काय? समज देऊन निवृत्त केलं.

कायद्याची गाठ मात्र संत्र्यांवरून सुटली. सुटली म्हणजे, त्यांच्या सोयीनं सुटली. पोर्टो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेतली गेली. व्यापारी कोर्टात गेला : बेट अमेरिकेचं, तर देशातल्या देशात जकात कसली? १९०१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण घटनेतल्या या तरतुदीपुरतं ते अमेरिकेचा भाग नाही. मालकी आहे, सदस्यत्व नाही! तर्कशास्त्राच्या पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते. पण या एका फरकावर साम्राज्य उभं राहिलं आणि प्रजासत्ताकाची घटनाही शाबूत राहिली.

पुढे अमेरिकेच्या लक्षात आलं की जमीन सांभाळणं महाग पडतं, तळ पुरतात. क्यूबाला स्वातंत्र्य दिलं, पण ग्वांतानामो ठेवून घेतलं. फिलिपिन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झालं आणि १९४७ मध्ये ९९ वर्षांचा तळांचा करार झाला. जागतिक सत्ता म्हणून आपण आज जी अमेरिका बघतो, तिची घडी ही अशी बसली. फिलिपिनोंनी आपली उत्तरं दिलीच. १९६२ पासून ते स्वातंत्र्यदिन ४ जुलैला साजरा करत नाहीत, आगिनाल्दोच्या १२ जूनला करतात. १९९१ मध्ये त्यांच्या सिनेटनं तळांचा नवा करार फेटाळला. अर्थात २०१४ च्या करारानं अमेरिकन सैन्याला तिथल्या तळांवर पुन्हा वावर मिळाला आहे; समोर चीन आहे, ते प्रकरण वेगळं.

आणि पोर्टो रिको? तिथली माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. तीस लाखांच्या वर लोक. बेटावर राहत असतील तर अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. तो संत्र्यांचा निकाल अजून रद्द झालेला नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ या. ते जिन्यातले गृहस्थ आलेत का आज?