वाण्यापर्यंतची सहल

आमच्या इमारतीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत माझी मोजून तीनशे दहा पावलं होतात. चार मिनिटांचं काम. अडीच वर्षांची नात बरोबर असली की त्याच वाटेला पाऊण तास लागतो. आधी गटाराचं लोखंडी झाकण येतं, त्यावर दोन्ही पायांनी उडी मारून आवाज काढायचा असतो. मग इस्त्रीवाल्याच्या गाडीखाली झोपलेली कुत्री. तिचं शेपूट हलतंय का, हे उकिडवं बसून बघावं लागतं. पुढे एका बंद दुकानाचं शटर आहे. त्यावरून बोट फिरवलं की खरखर होते, ती जाताना एकदा आणि येताना एकदा ऐकायची. मुंग्यांची रांग लागली तर विषयच संपला.

गेल्या रविवारी असेच परतत होतो. हिंग आणायला गेलो होतो, तो राहिलाच. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "काय हो, रविवार असून हिला कुठे नेलं नाही?" मी म्हटलं, आत्ताच तर फिरून आलो. त्या हसल्या. वाण्याकडे जाणं म्हणजे फिरणं नव्हे, यावर आमच्या इमारतीत एकमत आहे.

लहान मुलाला घेऊन बाहेर पडायचं, त्याच्याशी खेळायचं, एवढीच गोष्ट. पण तिच्याभोवती इतके समज साठलेत की आईबाप चपला घालायच्या आधीच दमतात. यातले काही समज संशोधकांनी केव्हाच खोडून काढले आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि एखाददुसरा चक्क धोक्याचा आहे.

गैरसमज : फिरवायचं म्हणजे कुठेतरी न्यायला हवं

'कुठेतरी' म्हणजे तासावर पैसे घेणारा प्ले झोन, नाहीतर शहराबाहेरचं रिसॉर्ट. तिथे जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण ठिकाण गाठणं ही हौस आपली असते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळण्यांच्या खोलीत मोकळं सोडलं आणि त्यांचं चालणं मोजलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांनी तासाभरात सरासरी २,३६८ पावलं टाकली आणि ती १७ वेळा पडली. पुढे याच गटाने मुलं नेमकी कुठे जातात हे बारकाईनं पाहिलं. तेव्हा दिसलं की बऱ्याचदा ती कुठेच निघालेली नसतात. चालायचं म्हणून चालतात, आणि काही सापडलं तर थांबतात. कुत्री, झाकण आणि शटर यांचा उलगडा मला तिथे झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांत १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. तीन तास ऐकून सुनेच्या पोटात गोळा आला होता. पण ते सलग नाहीत. जिना चढणं, गच्चीवर कपडे वाळत घालताना एकेक चिमटा पुरवणं, पलंगावर उड्या मारणं, सगळं त्यात मोजायचं. त्याच सूचनांत असंही आहे की मुलाला बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. म्हणजे बाबागाडीतून तीन तास मॉल हिंडून आलेलं मूल त्या हिशेबात तीन तास बसूनच होतं.

जाता जाता वॉकरबद्दल. चाकांच्या वॉकरमुळे मूल लवकर चालतं, हा समज आजही भेट म्हणून घरोघर पोचतो. वॉकरने चालणं लवकर येत नाही. उलट त्यातून जिन्यावरून गडगडून मुलं जखमी होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. बारशाला दुसरं काहीतरी द्या.

गैरसमज : एवढ्याशा जिवाला काय आठवणार आहे?

हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या भावाने विचारला, तोही राणीच्या बागेच्या फाटकात तिकिटं काढताना. "मोठी झाली की आण, आत्ता पैसे फुकट." त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. मोठेपणी बहुतेकांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. पण त्यावरून लहानपणी स्मृतीच नसते असं ठरवलं तर चूक होते.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कॅरोलिन रोव्ही-कोलियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक फार साधा प्रयोग केला. आपल्याकडे पाळण्यावर कापडी चिमण्या टांगतात, तसलं एक खेळणं पाळण्यावर बांधलं आणि त्याला जोडलेली फीत बाळाच्या पायाला बांधली. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळाला लगेच कळलं. मग काही दिवसांनी तेच खेळणं पुन्हा टांगलं, या वेळी फीत खेळण्याला न जोडता. तीन महिन्यांची बाळं जवळपास आठवडाभरानंतरही ते ओळखून पाय झाडू लागली. मोठ्या मुलांसाठी त्यांनी खेळण्यातली आगगाडी वापरली, दांडा दाबला की चालणारी. दीड वर्षाच्या मुलांच्या ते तेरा आठवडे लक्षात राहिलं. मधे नुसती आठवण करून दिली तर मुदत आणखी वाढते.

तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. दीड वर्षाच्या आयुष्यात तो सहावा भाग झाला. मी सत्तरीला टेकलोय. आयुष्याच्या सहाव्या भागापूर्वी, म्हणजे अकरा-बारा वर्षांमागे, कुठल्या यंत्राचा कुठला दांडा दाबला होता हे मला विचारू नका.

याला जोडूनच आणखी एक तक्रार असते, "रोज तीच बाग, कंटाळत कशी नाही?" कंटाळतो आपण. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना त्याच त्या, काहींना वेगवेगळ्या, पण नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडतील असं बघितलं. त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांनी ते शब्द जास्त चांगले उचलले. गोष्टींचं खरं ते रस्त्यांनाही लागू पडत असावं, असा माझा आपला तर्क. ती कुत्री एकदा दोन दिवस दिसली नाही, तर आमच्या घरी चार दिवस तिची चौकशी चालू होती. आणि 'काल', 'परत' आणि 'कदाचित' हे तीन शब्द त्या चौकशीतूनच घरात आले.

गैरसमज : खेळायला भरपूर खेळणी लागतात

२०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात ३६ मुलं होती, दीड ते अडीच वर्षांची. एकदा त्यांच्यापुढे ४ खेळणी ठेवली, एकदा १६. चारच असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. ज्या घरात वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मूल खोक्याशी खेळत बसतं, त्या घराला हे सांगायला अभ्यास लागू नये.

आणि आपल्याकडे तर हे फार आधी कुणीतरी करून दाखवलंय. ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचं काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. मॉन्टेसरीची साधनं सुबक असत, पण महाग. खेड्यातल्या मुलांपर्यंत ती कशी पोचणार? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. बरोबर अनुताई वाघ. तिथे त्यांनी समुद्रावरचे शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून रुजला. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. ज्या महाराष्ट्रात हे घडलं, तिथे आज दीड वर्षाच्या मुलासाठी 'शैक्षणिक किट' हप्त्यावर घेतात, याची मला गंमत वाटते. खरं सांगायचं तर चीडही येते.

आमच्याकडे सध्या चिंचोके, एक फुटकी डाळीची वाटी आणि कुकरची जुनी रिंग चलनात आहेत.

गैरसमज : मातीत खेळलं की आजार, पावसात भिजलं की सर्दी

सर्दी विषाणूंमुळे होते. ती पावसातून येत नाही, दुसऱ्या सर्दीवाल्याकडून येते. त्यामुळे पावसाळ्यात बंद, वातानुकूलित खोलीत वीस मुलांत खेळणं हे गच्चीवर पाच मिनिटं भिजण्यापेक्षा सर्दीला जास्त सोयीचं. भिजल्यावर अंग पुसून कोरडे कपडे घाला म्हणजे झालं.

मातीचं मात्र अर्धंच खोटं आहे. माती वाईट नाही, न धुतलेले हात वाईट. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली वाळू टाळावी, नखं कापलेली असावीत, खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत गोळी फुकट मिळते, १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना. ती चुकवू नये. आणि रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मुलाला अजिबात उतरवू नये. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं. पायावर साधं खरचटलेलं असलं तरी तिथून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. अंगणात आत्ता पडलेल्या पावसाचं डबकं वेगळं, मोरीचं पाणी मिसळलेला रस्ता वेगळा. एवढा फरक मोठ्यांनी करायचा, मग मुलांनी उड्या मारायच्या.

गैरसमज : बागेत नेतो, पण मिसळतच नाही

दोन वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाशेजारी बसून, त्याच्याकडे पाठ करून वाळू उपसत असेल तर ते एकलकोंडं नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३२ सालीच या शेजारी-शेजारी खेळण्याची नोंद केली होती. मिळून खेळणं, डाव मांडणं हे त्यानंतर हळूहळू येतं. तेव्हा "दे, दे, दादाला दे" म्हणत हातातली बादली ओढून घेण्यात अर्थ नाही. आपणही लोकलमध्ये शेजारच्याला वर्तमानपत्र लगेच देत नाही.

मुलाला सतत शिकवत राहिलं पाहिजे, हाही एक समज. यात मी स्वतः गुन्हेगार आहे. "हा कुठला रंग? किती फुलं आहेत? मोज बघू!" चौथ्या प्रश्नाला नात माझा हात सोडून पुढे गेली. माझं बागेत फिरणं नव्हतं, तोंडी परीक्षा चालली होती. २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात ४ ते ६ वर्षांची मुलं होती. त्यांच्या मेंदूतल्या भाषेच्या भागाचं काम कानावर पडणाऱ्या शब्दांच्या संख्येपेक्षा बोलण्याच्या देवाणघेवाणीशी जास्त जुळलेलं आढळलं. तिने "मुंगी" म्हणायचं, मी "अरे, पाठीवर काय नेतेय?" म्हणायचं, तिने "साखर" म्हणायचं. बास. फोन खिशात असला तर हे जमतं.

आता उलटा गैरसमज : आमच्या लहानपणी काही होत नव्हतं

होत होतं. आपण वाचलो म्हणून सांगायला उरलो. साधं फिरणं म्हणजे बेफिकीर फिरणं नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. लहानग्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं सुरक्षित वाटतं, पण ते एकट्याने घसरण्यापेक्षा धोक्याचं आहे. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाच्या वजनाने दोघं खाली सरकत राहतात आणि नडगीचं हाड मोडतं. मूल एकटं घसरू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही. दुसरी, बागेबाहेरचे खारे शेंगदाणे आणि फुटाणे. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊच नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. तिसरी, फुटलेल्या फुग्याचा तुकडा. तो आधी उचला, रडणं मग थांबवा. चौथी, फाटकापाशी संध्याकाळी विकायला असतात ती लुकलुकणारी खेळणी. त्यांतला बटणाएवढा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं.

उन्हाळ्यात वेळ सांभाळावी, सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर. लोखंडी घसरगुंडीला आधी आपला हात लावून बघावा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक विनंती उरते, ती आईबापांना नाही. आमच्या इमारतीच्या आवारात 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे. तशी ती तुमच्याही आवारात असेल. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनो, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा एवढा तासभर एक कोपरा स्कूटरींपासून मोकळा ठेवा. जमल्यास ती पाटीही उतरवा. ज्यांच्यासाठी ती लावली आहे, त्यांना अजून वाचता येत नाही.