शिल्लक पुढे नेण्याची विद्या

नारायणगुड्यातील दुकान वाढविल्यानंतर तासभर संगणकाच्या आज्ञावल्या रचीत बसणे हा आमचा छंद आहे. घरची मंडळी यास रिकामा उद्योग म्हणतात.

पहिला धडा आम्हांस वृत्तशास्त्राने दिला. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. तर ठरावीक मात्रांचा चरण किती प्रकारांनी रचता येईल? आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० साली याचा नियम सांगितला : मागील दोन उत्तरांची बेरीज करावी. १, २, ३, ५, ८, १३ अशी ही श्रेणी. पाश्चात्त्यांत ती १२०२ सालच्या फिबोनाचीच्या ग्रंथामुळे प्रसिद्धीस आली.

नियम आम्ही जसाच्या तसा यंत्रास सांगितला व ४० मात्रांचा प्रश्न घातला. यंत्र अडून बसले! प्रत्येक उत्तरासाठी ते पुन्हा मुळापासून आरंभ करी. अशा २० कोटींहून अधिक फेऱ्या होत. मग आलेले प्रत्येक उत्तर टिपून ठेवावयास सांगितले. अवघ्या ३८ बेरजांत १६,५५,८०,१४१ ही संख्या क्षणार्धात आली. रोजमेळात कालची शिल्लक आज पुढे ओढतो, तेच हे.

मालाच्या साठ्याची आमची आज्ञावलीही प्रत्येक विचारणेस पाडव्यापासून बेरीज करी, आणि गिऱ्हाईक तिष्ठत राही. तीही सुधारली. मात्र एकदा टिपलेली शिल्लकच चुकली व पुढील महिनाभराचे आकडे बिघडले. तेव्हापासून दर अमावास्येस आम्ही मुळापासून मेळ घालतो; त्या रात्री यंत्रास वेळ लागला तरी चालतो.