नाव विचारलं, पत्ता मिळाला

दारावर थाप पडली की आपण आतूनच विचारतो, "कोण आहे?" वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्यांनाही ही सवय असते. मागणी कोणत्या संगणकावरून आली, त्याचं नाव नोंदवहीत यावं, अशी त्यांची इच्छा. जावामधला प्रोग्राम त्यासाठी 'गेट-रिमोट-होस्ट' असं विचारतो आणि उत्तर येतं, १९२.०.२.२५. मग नाव गेलं कुठे?

वाचकहो, ते आलंच नव्हतं. मागणीबरोबर येतो तो नुसता आयपी पत्ता. नाव मागाहून शोधावं लागतं. त्यासाठी पत्ता उलटा करून, म्हणजे २५.२.०.१९२ असा, डीएनएसच्या दप्तरात 'पीटीआर' नावाची नोंद मागतात. उलटा कशासाठी? संगणकाचं नाव पोस्टाच्या पाकिटासारखं असतं, आधी माणूस, शेवटी जिल्हा. आकडी पत्त्यात मात्र मोठा विभाग पहिला. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची मांडणी केली, तेव्हापासून हे उलटं वाचन चालत आलं आहे.

तेव्हा आधी पाहायचं, सर्व्हर विचारतो तरी का? टॉमकॅटमध्ये 'इनेबल-लुकअप्स' ही कळ सहाव्या आवृत्तीत मुळातच चालू असे, सातव्यापासून ती बंद असते. आवृत्ती बदलल्यावर नावं एकाएकी नाहीशी झाली, तर प्रोग्राम लिहिणाऱ्यावर रागावू नका! कळ चालू असूनही नाव येत नसेल, तर सर्व्हरच्याच यंत्रावर 'एनएसलुकअप' चालवून तो पत्ता विचारा. तिथंही नाव नसेल, तर नोंद बहुधा केलेलीच नाही, आणि ती करणं पत्ते ज्याच्या ताब्यात त्याचं काम. सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो? मग मध्ये प्रॉक्सी बसली आहे, आणि तुम्ही तिचंच नाव विचारत आहात.

कळ चालू ठेवावी का? माझं मत, नको. दप्तराकडून उत्तर येईपर्यंत पान अडतं आणि बिचारा माणूस ताटकळतो. नोंदवहीत पत्ताच लिहावा. नावं रात्री सवडीनं शोधता येतात. अपाची सर्व्हरबरोबर 'लॉग-रिझॉल्व्ह' हा प्रोग्राम त्याचसाठी मिळतो.

खरा धोका मात्र नावावरून आत सोडण्यात आहे. पत्त्यांचा मालक पीटीआर नोंदीत हवं ते नाव लिहू शकतो, अगदी तुमच्या कचेरीचंही. म्हणून मिळालेलं नाव पुन्हा डीएनएसला द्या आणि त्याचे पत्ते मागा. त्यांत १९२.०.२.२५ नसेल, तर दार उघडू नका.