डिस्क नको, डेटा वाचवा
एक्स्टर्नल हार्ड डिस्क बंद पडल्यावर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावातही आता महत्त्वाचं बरंच काही एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असतं. फोटो स्टुडिओकडे अख्ख्या लग्नसराईचं शूटिंग असतं, संस्थेच्या कार्यालयात हिशोबाच्या फाइली, मौनी विद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थ्यांचे प्रकल्प. ही डिस्क एक दिवस लॅपटॉपला दिसेनाशी झाली की जो तो आपला उपाय सांगतो : फॉरमॅट मार, चेकडिस्क चालव, फ्रीजमध्ये ठेव. यातल्या बहुतेक उपायांच्या मुळाशी एकच चूक आहे. डिस्क दुरुस्त करणं आणि तिच्यातला डेटा वाचवणं हे एकच काम आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा पहिल्याच्या नादात दुसरं बिघडतं. डिस्क बाजारात नवी मिळते, फाइली मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा : याने डिस्कवर काही लिहिलं जाणार आहे का, किंवा तिच्यावर ताण येणार आहे का?

गैरसमज : डिस्क दिसत नाही, म्हणजे ती गेली.
वस्तुस्थिती : खिशात मावणारी अडीच इंची डिस्क स्वतंत्र अडॅप्टरशिवाय यूएसबीच्याच विजेवर फिरते. यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ची ९००. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट, चार उपकरणं लावलेला हब किंवा आतून तुटलेली केबल यामुळे तिला पुरेशी वीज मिळत नाही. ती फिरायला लागते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे आधी दुसरी केबल, मग कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा पोर्ट, मग दुसरा कॉम्प्युटर, एवढं करून बघावं. त्यानंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहावं. तिथे डिस्क बरोबर आकारासह दिसत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे आणि बिघाड फाइलींच्या रचनेत आहे. मात्र ‘इनिशिअलाइज करायची का’ असं विचारलं, तर नको म्हणावं, कारण त्याने डिस्कवर लिहिलं जातं. बाहेरची डबी उघडून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडण्याचा सल्लाही सरसकट चालत नाही. काही कंपन्यांच्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट मुख्य सर्किटवरच जडवलेला असतो आणि डेटा त्याच सर्किटमार्फत कूटबद्ध होतो, म्हणजे त्या सर्किटशिवाय तो वाचता येत नाही.

गैरसमज : फॉरमॅट किंवा चेकडिस्क केलं की डिस्क ठीक होते.
वस्तुस्थिती : डिस्क ठीक झाल्यासारखी दिसते, आणि घोटाळा तिथेच आहे. क्विक फॉरमॅटमध्ये फाइल कुठे आहे याची नोंद जाते, फाइल बहुधा जागेवरच राहते. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद गेली म्हणून शेत नाहीसं होत नाही, पण त्या शेतात दुसऱ्याने घर बांधलं तर मात्र ते परत मिळत नाही. नवीन फाइल टाकणं, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवणं, परत मिळालेल्या फाइली तिथेच साठवणं, हे सगळं असं घर बांधणंच आहे. फुल फॉरमॅट तर त्याहून घातक, कारण विंडोज व्हिस्टापासून तो डिस्कभर शून्यं लिहितो. एसएसडीमध्ये, आणि अलीकडच्या काही पोर्टेबल हार्ड डिस्कमध्येही, ‘ट्रिम’ नावाची, रिकामी ठरलेली जागा मोकळी करून टाकणारी सोय असते. तिच्यामुळे क्विक फॉरमॅटनंतरही काही हाती लागेल याची खात्री नाही. चेकडिस्कचं काम फाइलींची रचना सुसंगत करणं हे आहे, तुमचा व्हिडिओ वाचवणं नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी तो काढून टाकतो किंवा उरलेले तुकडे बिननावाने वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. ‘पण आमच्याकडे चेकडिस्कनेच सुरू झाली’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. यंत्र धडधाकट असेल आणि केबल मध्येच ओढल्याने नोंदी बिघडल्या असतील, तर तो उपाय लागू पडतो. पण बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे भाग, वाढत असलेल्या डिस्कवर तोच उपाय तासन्‌तास चालतो आणि तिची उरलीसुरली ताकद संपवतो. यातली आपली डिस्क कुठली, हे आधीच कळत नाही. म्हणून चेकडिस्क कॉपी काढल्यानंतर चालवावा.

गैरसमज : टिकटिक वाजत असेल तर हलकेच थापटावं किंवा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं.
वस्तुस्थिती : या डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडीच हजारो नॅनोमीटर असते. वीज पुरेशी असूनही एका लयीत टिकटिक येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन शोधतंय, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. अशा वेळी डिस्क चालू ठेवली तर हेड तबकडीला घासू शकतं, आणि जिथला चुंबकीय थर खरवडला जातो तिथला डेटा कोणीही परत आणू शकत नाही. फ्रीजचा उपाय पूर्वीच्या डिस्कच्या काळात पसरला. अडकलेला भाग थंडीने आकसून सुटेल अशी त्यामागची आशा होती. ज्यांची डिस्क चालली त्यांनी गावभर सांगितलं, ज्यांची गेली ते गप्प बसले. पावसाळ्यात गारगोटीच्या भुदरगड तालुक्यात हवेला इतका दमटपणा असतो की फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर, आणि आतही, दव धरायला वेळ लागत नाही. टिकटिक ऐकली की केबल काढून ठेवणं हाच घरच्या घरी करता येणारा खरा उपाय आहे.

गैरसमज : पुरात भिजलेली डिस्क तांदळात ठेवावी, वाळली की लावून बघावी.
वस्तुस्थिती : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर जिल्ह्यात घरं-दुकानं पाण्याखाली घातली, त्यामुळे इथे हा प्रश्न कागदोपत्री नाही. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. तिथून पुराचं गढूळ पाणी आत शिरतं. पाणी वाळतं, पण गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. तांदूळ त्यांना ओढून घेत नाही. मग डिस्क फिरवली की हेड त्या गाळावरून घासत जातं. म्हणून रिकव्हरीतले जाणकार उलटं सांगतात : वाळवू नका, चालू करू नका, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत पोचवा. बाहेरून डिस्कची अवस्था काय दिसते यावर डेटाचं भवितव्य ठरत नाही. कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळलं. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका जळक्या हार्ड डिस्कमधून एका प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवण्यात आली, कारण आतल्या तबकड्या बऱ्याच अंशी शाबूत होत्या.

गैरसमज : डिस्कची तब्येत ‘गुड’ दाखवतेय, म्हणजे चिंता नाही.
वस्तुस्थिती : ‘स्मार्ट’ नावाची स्वयंतपासणी उपयोगी आहे, पण एकाच बाजूने. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा वाढत असेल तर तो इशारा गंभीरपणे घ्यावा. नसेल तर निर्धास्त राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही आधी सूचना दिली नव्हती.

आता सर्वांत रास्त आक्षेप. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळा पुण्या-मुंबईत आहेत, गारगोटीहून कोल्हापूरच सुमारे ५० किलोमीटर; आणि त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. मग माणूस स्वतः खटपट करणार नाही तर काय करणार? उत्तर असं की खटपटीला मनाई नाही, तिचा क्रम ठरलेला आहे. आवाज येत नसेल आणि डिस्क बरोबर आकारासह दिसत असेल, तर तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी कॉपी काढावी. लिनक्सवरचं मोफत ‘डीडीरेस्क्यू’ आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, अडणारे भाग शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. त्यामुळे डिस्क मध्येच थांबली तरी पुन्हा पहिल्यापासून फिरवावी लागत नाही. मग ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’सारखी मोफत साधनं हवी तितकी वापरावीत, पण कॉपीवर. मूळ डिस्क कपाटात राहते, म्हणून चुकलं तरी निभावतं. आवाज येत असेल तर मात्र हिशोब सरळ करावा : हा डेटा प्रयोगशाळेच्या खर्चाच्या लायकीचा आहे का? नसेल तर नाद सोडावा. असेल तर स्वतःचा एकही प्रयोग न करता डिस्क तिथे पाठवावी, कारण कोणी आधी उघडलेल्या डिस्कमधून डेटा मिळण्याची शक्यता घटते.

दुकानात डिस्क देतानाही ‘दुरुस्त करून द्या’ म्हणू नये. दुकानदार सांगितलेलं काम करेल, आणि फॉरमॅट केलेली चालू डिस्क हे त्याच्या दृष्टीने पुरं झालेलं काम आहे. ‘डिस्क गेली तरी चालेल, फाइली हव्यात, आधी कॉपी काढणार का?’ असं विचारावं. ज्याच्याकडे याचं स्पष्ट उत्तर नसेल, त्याच्या हाती ती डिस्क देऊ नये.