ध्वनिलहरींवरील उपासना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्याचा असा धर्म नाही. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो स्थापण्यास काँग्रेसला मनाई केली. १८३३ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानानेही चर्चसाठी घेतला जाणारा कर बंद केला. तेव्हापासून तेथील प्रॉटेस्टंट चर्चे लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर वाढली. ज्यांस लोकाश्रयावर जगावयाचे, त्यांस लोकांपर्यंत जाणे प्राप्तच होते.

रेडिओने ती वाट सुकर केली. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंप्रार्थना प्रक्षेपित केली. उपासकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांनीही गायकवृंदाचे झगे परिधान केले होते! १९२३ साली लॉस एंजेलिस येथे एमी सेंपल मॅक्फर्सन या धर्मोपदेशिकेने अँजेलस टेंपल उघडले. पुढल्याच वर्षी त्याचे स्वतंत्र ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले. १९६१ साली पॅट रॉबर्टसन यांनी व्हर्जिनियात ख्रिस्ती दूरचित्रवाणी केंद्र चालू केले.

एकाकी शेतावरील कुटुंबास व अंथरुणास खिळलेल्या वृद्धास घरबसल्या प्रवचन लाभले, हा उपकार थोर होय. परंतु प्रक्षेपणास द्रव्य लागते व ते अदृश्य श्रोत्यांकडे मागावे लागते. देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार जिम बेकर यांस १९८९ साली न्यायालयाने दोषी ठरविले.

गावच्या चर्चमध्ये शेजारी शेजाऱ्यास हिशेब विचारू शकतो. दूरचा श्रोता केवळ विश्वास टाकतो. म्हणूनच, ज्याची वाणी दूरवर जाते त्याचे उत्तरदायित्वही तितकेच मोठे असते, असे आम्हांस वाटते.