दुखणे प्रोसेसरचे, औषध ग्राफिक्स कार्डाला!

संगणक जोडणी व दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील बरेच तरुण उतरले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि भिवंडी, मालेगाव, परभणी अशा ठिकाणी लहानसे दुकान टाकून चार पैसे मिळवायचे, असा हा व्यवसाय. त्यात आता एक नवे गिऱ्हाईक वाढले आहे. ते म्हणजे गेम खेळणारा मुलगा. त्याचा संगणक महाग असतो, त्याची तक्रार विचित्र असते, आणि मुख्य म्हणजे रोगाचे निदान तो घरूनच करून आलेला असतो. "भाई, गेम अटकतोय, कार्ड बदलून द्या," एवढेच तो सांगतो.

अशा वेळी कार्ड विकणे सर्वांत सोपे. गिऱ्हाईक स्वतः मागते आहे आणि नफा समोर दिसतो आहे. परंतु दुखणे म्हशीला असताना औषध पखालीला दिले, तर आठ दिवसांनी तोच मुलगा वडिलांना घेऊन दुकानात उभा राहतो. वडिलांनी वीस-पंचवीस हजार मोजलेले असतात आणि गेम पहिल्यासारखाच अटकत असतो. ते गिऱ्हाईक तर जातेच, शिवाय मोहल्ल्यात बोलबाला होतो तो वेगळाच. म्हणून कोणताही भाग विकण्यापूर्वी मोजमाप कसे करावे, याची माहिती येथे देत आहोत. (गेमचे वेड चांगले की वाईट, हा या पानाचा विषय नव्हे. त्याच यंत्रावर कोणी लग्नाचे व्हिडिओ कापतो, कोणी इमारतींचे नकाशे काढतो, आणि तपासणी सगळ्यांची सारखीच आहे.)

तक्रार कोणती, हे आधी ठरवा

गिऱ्हाईक "अटकतो" म्हणते तेव्हा त्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. चित्र सतत संथ चालणे ही एक. चित्र एरवी छान, पण मधूनमधून झटका बसणे ही दुसरी. गेम अचानक बंद पडणे किंवा संगणकच पुन्हा सुरू होणे ही तिसरी. आणि चौथी इंटरनेटची. तिच्यात चित्र सुरळीत असते, पण समोरचा खेळाडू उड्या मारल्यासारखा दिसतो. या चौथीसाठी संगणक उघडण्याची गरज नाही, राऊटर पाहावा.

पहिल्या दोन तक्रारींतला फरक समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे होत. यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, आणि १४४ हव्या असतील तर सुमारे ७ मिलिसेकंदांत. आता समजा, अर्ध्या सेकंदात ५९ फ्रेम भराभर आल्या आणि पुढचा अर्धा सेकंद एकच फ्रेम अडकून राहिली. मोजणी सांगेल, साठ फ्रेम, सर्व ठीक! डोळ्याला मात्र जबर धक्का बसेल. सरासरी अशी फसवते. सन २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकन नियतकालिकाच्या स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून ही गोष्ट ठळकपणे मांडली. तेव्हापासून कार्डांच्या परीक्षणात फ्रेमचा वेळ पाहण्याची पद्धत रूढ झाली.

हे मोजण्यासाठी पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर व त्यासोबतचे रिवाट्यूनर हे मोफत मिळते. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम, फ्रेमचा वेळ, कार्डाचा वापर, तापमान, मेमरी असे सर्व आकडे ते दाखवते. इंटेलचे प्रेझेंटमॉनही मोफत आहे. दुकानात एका पेनड्राइव्हवर ही दोन्ही ठेवावीत.

कटिंग मास्टर आणि कारागीर

आता मुख्य परीक्षा. शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग मास्टर कापड कापून देतो आणि कारागीर मशीनवर शिवतो. माल कमी निघत असेल तर दोघांपैकी कोण कोणाची वाट पाहतो आहे, हे मालक आधी बघतो. कारागीर हात बांधून बसला असेल तर नवी मशीन आणून काय उपयोग? गेममध्ये प्रोसेसर हा कटिंग मास्टर आहे. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, पुढच्या चित्रात काय काय काढायचे, हे तो ठरवून देतो. ग्राफिक्स कार्ड हा कारागीर, तो चित्र रंगवतो.

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर सतत टिकून असेल तर कारागीर पूर्ण कामात आहे. म्हणजे मर्यादा कार्डाची आहे. पण वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि गेममध्ये फ्रेमवर कोणतीही मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहत आहे. खात्री करण्यासाठी गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी झाले. आता फ्रेम लक्षणीय वाढल्या तर दोष कार्डाकडे आहे. फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅमकडे वळावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि हजारो रुपये वाचवते.

येथे एक सापळा आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३० टक्के दिसतो आणि दुकानदार म्हणतो, प्रोसेसर तर रिकामाच आहे. तसे नसते. सहा कोअर व बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण गुंतला तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्के दिसतो. बहुतेक गेमचे मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालते. म्हणून एकूण टक्क्यांवर भिस्त ठेवू नये, कार्ड रिकामे बसले आहे का एवढेच पाहावे.

आणि फ्रेम अगदी बरोबर ६० वर खिळली असेल तर तो आजारच नाही. व्ही-सिंक चालू आहे किंवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर ठेवलेला आहे. गिऱ्हाईक महाग मॉनिटर घेते आणि वर्षभर ६० वर चालवते, हे फार सर्रास आहे.

फुकटात बरे होणारे आजार

मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या मागे लावलेली असते. हसू नका, नवीन जोडलेल्या यंत्रात हे पहिल्यांदा पाहावे. रॅमवर ३२०० लिहिलेले असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू न केल्यामुळे ती २१३३ किंवा २४०० वर चालत असते. १६ जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी ८-८ च्या दोन लावल्या तर रॅमचा मार्ग दुप्पट रुंद होतो. डीडीआर ४ ची ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माल वाहते, दोन मिळून ५१.२ जीबी. वेगळे कार्ड नसलेल्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या स्वस्त संगणकांत याचा फरक सर्वांत जास्त दिसतो. लॅपटॉप असेल तर तो चार्जर लावून चालवला होता का, हे विचारावे. थोड्या थोड्या वेळाने झटका बसत असेल आणि त्याच क्षणी डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जात असेल, तर गेम जुन्या हार्ड डिस्कवर आहे. सन २०२३ चा स्टारफिल्ड हा गेम तर एसएसडी आवश्यकच असल्याचे सांगतो.

उष्णता आणि वीज

गेम पहिली दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालतो आणि मग फ्रेम कोसळतात, असे गिऱ्हाईक म्हणाले की तापमान पाहावे. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. खोलीतील हवा दहा अंशांनी तापली तर आतले तापमानही साधारण तेवढेच वर सरकते. त्यामुळे जानेवारीत ठणठणीत असलेले यंत्र विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हाय खाते. त्यातून कॅबिनेट पुढून काचेने बंद, आत रंगीबेरंगी दिवे, आणि जाळीवर कापसाची धूळ! यंत्रमागाच्या गावात तर ही धूळ गादीसारखी बसते. ब्लोअरने साफ करून, पेस्ट बदलून, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून एकदा चालवून पाहावे. बाजू उघडताच फ्रेम सुधारल्या तर दोष हवा खेळण्याचा आहे.

जोराचा प्रसंग आला की संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. कार्ड क्षणभर आपल्या नेहमीच्या मागणीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते आणि हलका एसएमपीएस तिथे हार मानतो. खात्रीचा दुसरा एसएमपीएस दुकानात कायम ठेवावा, तो लावून पाहणे हीच खरी तपासणी.

यंत्र खोटे बोलते तेव्हा

आता ज्या प्रकरणामुळे या लेखाला हे शीर्षक दिले, त्याकडे येऊ. इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर सन २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे सन २०२३ मध्ये आले. त्यातील वरच्या दर्जाचे, विशेषतः १३९००के व १४९००के, घेतलेल्या अनेकांचे गेम बंद पडू लागले. पडताना पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ मेमरी संपली. हा संदेश वाचून कोणीही म्हणेल की ग्राफिक्स कार्ड गेले. २४ जीबी मेमरीचे कार्ड, त्यातली निम्मीही भरलेली नाही, तरी संदेश तोच! लोकांनी कार्डे बदलली, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकले, काही उपयोग झाला नाही.

दोष प्रोसेसरचा होता. गेम सुरू होताना दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचे व शेडर तयार करण्याचे काम प्रोसेसर करतो. तेथे तो हिशेब चुकत होता आणि त्या चुकीचे खापर संदेशात व्हिडिओ मेमरीवर फुटत होते. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीनेच असा संदेश येणाऱ्यांना इंटेलकडे जाण्यास सांगितले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने प्रोसेसर हळूहळू झिजत असल्याचे इंटेलने मान्य केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि पेटीबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ध्यानात ठेवण्याची बाब ही की, नवीन बायोस पुढची झीज थांबवण्यासाठी आहे. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

असे यंत्र दुकानात आले तर प्रथम मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री करावी. नंतर प्रोसेसरचा कमाल वेग बायोसमधून थोडा उतरवावा, उदाहरणार्थ ५५ चा गुणक ५३ वर. एवढ्याने गेम पडणे थांबले तर गुन्हेगार सापडला. गिऱ्हाइकाला वॉरंटीचा अर्ज भरून द्यावा व त्याची मजुरी घ्यावी. हजारोंचे कार्ड विकण्यापेक्षा ही कमाई लहान दिसेल, पण दुकानाची पत तिच्यावरच उभी राहते.

कार्ड खरेच बदलायचे असेल तर

काही वेळा दोष कार्डाचाच निघतो. तेव्हाही जोडी पाहावी. सन २०२२ च्या जानेवारीत आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड मदरबोर्डशी फक्त चार लेनने बोलते. पीसीआय एक्सप्रेस ४ च्या बोर्डावर ते सेकंदाला सुमारे ८ जीबी माल ने-आण करते, पण इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या जुन्या बोर्डावर ते निम्मे होते. कार्डाची ४ जीबी भरली की उरलेला माल रॅममधून याच अरुंद बोळातून यावा लागतो आणि झटके सुरू होतात. म्हणजे स्वस्त कार्ड ज्या जुन्या यंत्रांसाठी घेतले जाते, तिथेच ते लंगडते! असे कार्ड आधीच बसवलेले असेल तर गेममधील टेक्स्चरचा दर्जा उतरवून पाहावा.

जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर त्याचे उत्खनन बंद झाले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण अर्धा तास जड गेमवर चालवून तापमान, पंख्याचा आवाज व वेग पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, आणि विकताना इतिहास सांगावा. धान्याच्या ढिगात हात घालून कोरड्या दाण्यांखालचा ओला माल प्रेषितांनी (स.) उघड केला, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. राबलेले कार्ड पुसूनपासून नव्या खोक्यात घालणे हा त्याच ढिगाचा प्रकार आहे.

राहिला प्रश्न मजुरीचा. तपासणीला तास-दीड तास जातो, तो फुकट का द्यावा? डॉक्टर औषध लिहिले नाही तरी फी घेतोच. तपासणीची रक्कम फळ्यावर लिहून ठेवावी आणि भाग विकला तर ती बिलातून वजा करावी. गिऱ्हाइकाला छापील चिठ्ठी द्यावी. तीत गेमचे नाव, आधीच्या व नंतरच्या फ्रेम, कार्डाचा वापर, कमाल तापमान, रॅमचा वेग आणि काय बदलले ते लिहावे. तिची एक प्रत दुकानात ठेवली म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तेच यंत्र परत आल्यावर मागचे आकडे हाताशी असतात.