युद्धकालीन कॉमिक्समधील वैमानिक नायक : 'ब्लॅकहॉक' ते 'एनिमी एस'

प्रस्तावना :
कॉमिक्स हे केवळ मुलांच्या करमणुकीचे साधन होय, असे सामान्यतः मानले जाते. तथापि, समाज 'शत्रू'कडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याचे प्रतिबिंब या साहित्यप्रकारात स्पष्टपणे उमटते. प्रस्तुत लेखात दोन अमेरिकन वैमानिक नायकांच्या आधारे याचा विचार केला आहे.

हवाईयुद्धाचे आकर्षण :
पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिक हजारोंच्या संख्येने निनावी मरत होते. वैमानिक मात्र एकटा लढे आणि त्याने पाडलेल्या विमानांची त्याच्या नावावर नोंद होई. त्यामुळे युद्धाला द्वंद्वाचे रूप देणे कथाकारांना सोयीचे झाले.

ब्लॅकहॉक :
ऑगस्ट १९४१ च्या 'मिलिटरी कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात हा नायक अवतरला. विल आइसनर, चक क्विडेरा व बॉब पॉवेल यांचा त्याच्या निर्मितीत वाटा होता. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. नायक पोलिश वैमानिक असून जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याची भावंडे मारली जातात. तो विविध देशांच्या वैमानिकांचे पथक उभारून सूड घेतो. येथे शत्रू म्हणजे निव्वळ दुष्टता. मात्र या पथकातील चॉप-चॉप हा चिनी सहकारी विदूषकासारखा रंगविला गेला. मित्रराष्ट्रातील माणूसही वांशिक उपहासातून सुटला नाही, हे यावरून दिसते.

एनिमी एस :
रॉबर्ट कॅनिगर व जो क्युबर्ट यांनी १९६५ मध्ये 'अवर आर्मी ॲट वॉर'च्या १५१ व्या अंकात हान्स फॉन हॅमर हा जर्मन वैमानिकच नायक केला. ८० विमाने पाडणाऱ्या मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन याची छाया त्याच्यावर आहे. लाल त्रिपंखी फोकर उडविणाऱ्या हॅमरला विजयाचा आनंद होत नाही. त्याचेच सहकारी त्याला मारणारे यंत्र समजतात आणि अरण्यातील एक लांडगा तेवढा त्याचा सोबती उरतो. १९६८ पासून, व्हिएतनाम युद्धाला विरोध वाढत असताना, 'स्टार स्पँगल्ड वॉर स्टोरीज'मध्ये ही मालिका ठळकपणे येऊ लागली.

तुलना :
या बदलाला केवळ प्रगती म्हणणे घाईचे ठरेल. हॅमर पहिल्या महायुद्धातील आहे. नाझी वैमानिकाला अशी सहानुभूती मिळणे कठीण होते. म्हणजे ज्या शत्रूशी असलेले वैर जुने झाले, त्यालाच माणूसपण बहाल करण्यात आले. शिवाय, ब्लॅकहॉकची कथा जमिनीवरील मृतांपासून सुरू होते, तर हॅमरच्या आकाशातील एकाकीपणात असे नागरिक दृष्टिआड होतात.

समारोप :
पहिल्या कथेत बळी दिसतात, पण शत्रूचे मन दिसत नाही. दुसरीत मन दिसते, पण बळी दुरावतात. या कथा वर्गात अभ्यासताना नायक किती शूर आहे, यापेक्षा विमानाखाली कोण आहे आणि कथाकाराने त्याला चित्रचौकटीत जागा दिली आहे काय, हा प्रश्न विचारणे अधिक उद्बोधक ठरेल.